क्रेडिट कार्ड की किसान क्रेडिट कार्ड? आंबा बागेचा कोणता खर्च कशावर टाकावा

घोडपदेव हे माझे माहेर. वडील गिरणीत होते. गाव राजापूर तालुक्यात आणि गावाला हापूसची शंभरेक कलमे. लालबाग, परळ, घोडपदेव या पट्ट्यात अशी घरे आजही बरीच आहेत. नोकरी मुंबईत, बाग गावाला. एप्रिल उजाडला की जिन्याखाली आणि गॅलरीत पेट्या लागतात, पेंढ्यात आंबा पिकत ठेवला जातो आणि संध्याकाळी ओळखीची गिऱ्हाइके डझनाचा भाव विचारायला येतात. ही हौस नाही, छोटा का होईना, धंदाच आहे. त्याला भांडवल लागते आणि ते आंबा विकण्याच्या कितीतरी आधी लागते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाने हे भांडवल बँकेच्या क्रेडिट कार्डावर उभे केले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपूर्ण हंगामाची कीटकनाशके आणि बुरशीनाशके एकदम घेतली, ६० हजार रुपयांची. मी विचारले तर म्हणाला, "अगं, पन्नास दिवस बिनव्याजी आहेत. तोपर्यंत बघू." त्या वर्षी मोहोर उशिरा आला आणि पैसे हातात आले मेच्या मध्यावर. मधल्या काळात तो दर महिन्याला बिलावरची 'किमान रक्कम' भरत राहिला. मार्चमध्ये एकदा तीही राहून गेली. हंगाम संपल्यावर आम्ही दोघे बिले घेऊन बसलो. व्याज, त्यावरचा जीएसटी आणि उशिराचा दंड मिळून साधारण १५ हजार रुपये गेले होते.

औषधे योग्य होती, फवारणी वेळेवर झाली होती, आंबाही चांगला आला होता. चुकले ते एवढेच की जो खर्च सहा महिन्यांनी वसूल होणार होता, तो पन्नास दिवसांच्या उधारीवर टाकला. या लेखात हाच मुद्दा उलगडून पाहू. उदाहरण आंब्याचे असले तरी काजू, भाजीपाला, फुलशेती किंवा शेतमाल विक्रीचा छोटा व्यवसाय, सगळ्यांना हा हिशोब लागू पडतो.

आधी पिकाचे पैशाचे कॅलेंडर मांडा

आपण पिकाचे वेळापत्रक खत आणि फवारणीसाठी मांडतो, तसेच ते पैशासाठीही मांडले पाहिजे. प्रत्येक खर्चासमोर दोन तारखा लिहायच्या. पैसे कधी जातात आणि ते विक्रीतून कधी परत येतात. कोकणातील हापूस बागेचे साधारण चित्र असे असते:

- जून: पावसाच्या सुरुवातीला शेणखत आणि रासायनिक खते.
- १५ जुलै ते १५ ऑगस्ट: नियमित मोहोरासाठी पॅक्लोब्युट्राझोल देण्याचा काळ.
- ऑक्टोबर: पाऊस गेल्यावर गवत काढणी आणि बागेची साफसफाई.
- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पालवी आणि मोहोराचे संरक्षण. तुडतुडे, भुरी, करपा यांच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकानुसार फवारण्या.
- मार्च ते मे: राखण, काढणी, पेट्या, पेंढा, वाहतूक आणि विक्री.

आता तारखा मोजू. १५ जुलैला केलेला खर्च १५ एप्रिलला वसूल होत असेल, तर पैसे नऊ महिने अडकतात. नोव्हेंबरच्या फवारणीचे पैसे पाच-सहा महिने अडकतात. १० मार्चला घेतलेल्या रिकाम्या पेट्यांचे पैसे मात्र महिना-दीड महिन्यात मोकळे होऊ शकतात. खर्च एकाच बागेचा, पण अडकण्याचा काळ वेगवेगळा. म्हणून सगळ्या खर्चाला एकच कर्ज चालत नाही.

बँकेच्या क्रेडिट कार्डाचे पन्नास दिवस

समजा तुमच्या कार्डाचे बिल दर महिन्याच्या ५ तारखेला तयार होते आणि भरण्याची शेवटची तारीख २५ आहे. ६ मार्चला केलेली खरेदी ५ एप्रिलच्या बिलात येईल आणि २५ एप्रिलपर्यंत भरता येईल. तुम्हाला ५० दिवस मिळाले. पण तीच खरेदी ४ एप्रिलला केली, तर तीही ५ एप्रिलच्याच बिलात येते. मग मिळतात फक्त २१ दिवस. म्हणजे 'पन्नास दिवस बिनव्याजी' ही वरची मर्यादा झाली. बिल तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी केली तरच ती पूर्ण मिळते.

ही सवलत मिळण्यासाठी एक अट आहे. बिल पूर्ण भरले पाहिजे. थोडी जरी रक्कम बाकी राहिली तरी बिनव्याजी काळ संपतो आणि व्याज शेवटच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून धरले जाते. शिवाय जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. घरचा किराणा त्याच कार्डावर घेतला, तर त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

किमान रक्कम भरली म्हणजे बिल फिटले असे नाही

बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम अनेकदा बाकीच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. ती भरली की उशिराचा दंड लागत नाही आणि खाते थकीत दिसत नाही. पण उरलेल्या ९५ टक्क्यांवर व्याज चालूच राहते.

अनेक कार्डांवर हे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. ऐकायला साडेतीन टक्के कमी वाटतात, पण वर्षाचे ते ४२ टक्के होतात. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो. ६० हजार रुपये सहा महिने फिरत राहिले, तर सोपा हिशोब असा:

- क्रेडिट कार्ड, महिना ३.५ टक्के: व्याज १२,६०० रुपये, जीएसटी २,२६८ रुपये. एकूण १४,८६८ रुपये.
- किसान क्रेडिट कार्ड, वर्षाला ७ टक्के: २,१०० रुपये.
- तेच कर्ज वेळेवर फेडल्यास, वर्षाला ४ टक्के: १,२०० रुपये.

एका पेटीमागे सगळा खर्च जाऊन ५०० रुपये सुटतात असे धरा. मग क्रेडिट कार्डाच्या व्याजासाठी जवळपास ३० पेट्या गेल्या. आमच्या शंभर कलमांच्या बागेत ३० पेट्या म्हणजे चेष्टा नाही.

कार्डावरून एटीएममधून रोख काढणे याहून महाग पडते. त्याला बिनव्याजी दिवस नसतातच. व्याज त्याच दिवसापासून सुरू होते आणि रोख काढण्याचे शुल्क वेगळे. फवारणी करणारे गडी आणि राखणदार यांना रोखच द्यावी लागते. म्हणून मजुरीसाठी बँकेचे क्रेडिट कार्ड हे साधनच नाही. रुपे क्रेडिट कार्ड आता यूपीआयला जोडता येते आणि दुकानदाराचा क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देता येतात. पण त्यातून एखाद्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मजुरी पाठवता येत नाही.

किसान क्रेडिट कार्ड: नाव तेच, व्यवहार वेगळा

नावात 'क्रेडिट कार्ड' असल्याने अनेकांचा गोंधळ होतो. किसान क्रेडिट कार्ड म्हणजे खरे तर पीककर्जाचे खाते. बँक एक मर्यादा मंजूर करते. त्यातून लागेल तसे पैसे काढायचे, विक्री झाली की भरायचे आणि पुन्हा लागले तर पुन्हा काढायचे. व्याज फक्त काढलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचे. सोबत मिळणारे रुपे कार्ड हे त्या खात्याची किल्ली आहे. त्यातून एटीएममधून रोखही काढता येते, आणि त्यासाठीच ते दिलेले असते. इथे बिनव्याजी पन्नास दिवस नाहीत, पण व्याजदर मुळातच कमी आहे.

ही योजना १९९८ मध्ये आली. २०१२ मध्ये तिची फेररचना झाली आणि खाते पाच वर्षांसाठी चालवता येऊ लागले. ३ लाख रुपयांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जाला केंद्राच्या व्याज सवलतीमुळे ७ टक्के दर लागतो. वेळेवर परतफेड केल्यास आणखी ३ टक्के सवलत मिळून तो ४ टक्क्यांवर येतो. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सरकार आणखी ३ टक्के देते. त्यामुळे ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला ते जवळपास शून्य टक्क्याने पडते. हा सगळा फायदा 'मुदतीत' या एका शब्दावर अवलंबून आहे. मुदत चुकली की सवलती जातात. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ३ लाखांची मर्यादा ५ लाख करण्याची घोषणा झाली. तुमच्या शाखेत आज कोणती मर्यादा लागू आहे, हे अर्ज करतानाच विचारून घ्या.

मर्यादा कशी ठरते? जिल्ह्याची तांत्रिक समिती प्रत्येक पिकासाठी हेक्टरी पीककर्जाचा दर ठरवते. तुमच्या क्षेत्राला तो दर लावला जातो. त्यावर घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी १० टक्के, शेतीच्या साधनांच्या दुरुस्ती-देखभालीसाठी २० टक्के आणि पीकविम्याचा हप्ता धरला जातो. समजा दर हेक्टरी १ लाख ५० हजार आहे आणि तुमची बाग एक हेक्टर आहे. मग १ लाख ५० हजार अधिक १५ हजार अधिक ३० हजार, म्हणजे १ लाख ९५ हजार, आणि वर विमा. हा दर इथे फक्त उदाहरणासाठी घेतला आहे. १ जानेवारी २०२५ पासून २ लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती.

हंगाम बिघडला तर

या दोन कर्जांमधला सर्वांत मोठा फरक वाईट वर्षी कळतो. बँकेच्या क्रेडिट कार्डाला मोहोर जळाला की अवकाळी पाऊस झाला, याच्याशी काही देणेघेणे नाही. किमान रक्कम शेवटच्या तारखेपासून ९० दिवसांत भरली नाही, तर खाते अनुत्पादक ठरते. पीककर्ज अनुत्पादक ठरवताना मात्र महिने नव्हे, पिकाचे हंगाम मोजले जातात. कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम थकल्यावर ते अनुत्पादक होते. नैसर्गिक आपत्ती जाहीर होऊन पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक झाले, तर पीककर्जाचे पुनर्गठन करण्याची तरतूदही आहे.

शिवाय आंब्यासाठी आंबिया बहारातील हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात अवकाळी पाऊस, जादा किंवा कमी तापमान, वेगाचा वारा अशा धोक्यांचा विचार होतो. कर्जदार शेतकऱ्यालाही हा विमा आता ऐच्छिक आहे. त्यामुळे बँकेने हप्ता कापलाच असेल असे गृहीत धरू नका. शाखेत विचारून खात्री करा.

मग कोणता खर्च कशावर?

साधा नियम ठेवा. पैसे परत येण्याची तारीख कार्डाच्या शेवटच्या तारखेच्या आधी असेल, तरच क्रेडिट कार्ड. नाहीतर पीककर्ज किंवा स्वतःची बचत.

- खते, पॅक्लोब्युट्राझोल, फवारणीची औषधे: किसान क्रेडिट कार्ड. पैसे पाच ते नऊ महिने अडकतात.
- मजुरी, राखण: किसान क्रेडिट कार्डातून काढलेली रोख किंवा बचत.
- रिकाम्या पेट्या, पुठ्ठ्याचे बॉक्स, पेंढा, टेंपोचे भाडे: क्रेडिट कार्ड चालेल, पण आंबा थेट ग्राहकाला विकत असाल आणि पैसे लगेच मिळत असतील तरच.
- फवारणी पंप, ग्रास कटर अशी यंत्रे: आधी महाडीबीटीवर अनुदानाचा अर्ज करा. पूर्वसंमती मिळण्याआधी घेतलेल्या यंत्राला अनुदान मिळत नाही. घाईत कार्ड वापरून यंत्र आणले, की अनुदान हातचे जाते. 'नो कॉस्ट' हप्त्यातही प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी लागू शकतो. एकूण किती भरायचे आहे, तो आकडा दुकानदाराकडून लिहून घ्या.

पेट्यांच्या बाबतीत एक पथ्य आहे. माल वाशीच्या बाजारात दलालाकडे पाठवत असाल, तर पट्टी आणि पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस जातात, हे मागच्या दोन हंगामांच्या नोंदींवरून पाहा. तो काळ महिन्याच्या पुढे जात असेल, तर पेट्यांचा खर्चही कार्डावर टाकू नका.

दुकानाची उधारी आणि दलालाची उचल

कोणी म्हणेल, आम्ही कार्डही वापरत नाही आणि बँकेतही जात नाही. कृषी सेवा केंद्राची उधारी असते आणि दलाल उचल देतो. या पैशांवर व्याज लिहिलेले नसते, पण त्याची किंमत मोजावी लागतेच. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव, दोन्ही विचारा. ६० हजारांची औषधे रोखीने ५६ हजारांत मिळत असतील, तर तो ४ हजारांचा फरक हेच उधारीचे व्याज. शिवाय उधारीवर दुकानदार देईल तेच औषध घ्यावे लागते, शिफारशीचे मिळेलच असे नाही. उचल घेतली की माल त्याच दलालाला द्यावा लागतो. मुंबईत घरोघर विकून चार पैसे जास्त मिळत असतील, तरी ते सोडावे लागतात.

या दोन्ही किमती वहीत रुपयांमध्ये लिहा. मग पीककर्जासाठी बँकेत घातलेल्या दोन-तीन खेपा महाग वाटणार नाहीत.

दुसऱ्यांचा आंबा घेऊन विकत असाल तर

स्वतःच्या बागेचा खर्च ही शेती. पण शेजारच्या चार बागांचा आंबा विकत घेऊन मुंबईत विकला, तर तो व्यापार. त्यासाठी पीककर्ज वापरायचे नाही. पैसे पिकाबाहेर वळवले की पुढच्या वर्षी बागेला पैसे उरत नाहीत. अशा विक्रीसाठी वेगळे मार्ग आहेत:

- उद्यम नोंदणी: ती ऑनलाइन आणि मोफत होते. किरकोळ व घाऊक विक्रेत्यांनाही २०२१ पासून ती करता येते. २०२५ च्या अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाख रुपये मर्यादेच्या खास क्रेडिट कार्डाची घोषणा झाली.
- मुद्रा कर्ज: २०१५ पासून सुरू. ५० हजारांपर्यंत 'शिशु', त्यापुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर', १० लाखांपर्यंत 'तरुण'.
- पीएम स्वनिधी: भायखळ्याच्या संत सावता माळी मंडईबाहेर किंवा लालबागच्या रस्त्यावर बसणाऱ्या फेरीवाल्यांसाठी, २०२० पासून. दुसरे कर्ज वेळेवर फेडणाऱ्यांना यूपीआयला जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड देण्याचा निर्णय केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये घेतला.

रोज माल घेऊन रोज विकणाऱ्या भाजीवाल्याला कार्डाचे वीस-पन्नास दिवस पुरेसे आहेत. त्याचे पैसे संध्याकाळी परत येतात. त्याने विक्रीतून खरेदीची रक्कम रोज बाजूला काढली, तर त्याला कार्ड बिनव्याजी पडते. बागायतदाराची गोष्ट वेगळी आहे. त्याचा माल झाडावर तयार व्हायला फळधारणेनंतरच साधारण ११० ते १२० दिवस लागतात.

कार्ड वापरायचेच असेल तर ही पथ्ये पाळा

१. धंद्यासाठी एक वेगळे कार्ड ठेवा. घरखर्च त्यावर टाकू नका. हंगामाच्या शेवटी बिलेच तुमची खर्चाची वही होतील.

२. बिलाची तारीख जुळवून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डधारकाला बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेता येते. ज्या सुमारास विक्रीचे पैसे येतात, त्यानंतर शेवटची तारीख येईल असे पाहा.

३. 'एकूण देय रक्कम' आपोआप भरली जाईल अशी सूचना बँकेला द्या. 'किमान रक्कम' हा पर्याय निवडू नका. त्या तारखेला खात्यात तेवढे पैसे आहेत, हे दोन दिवस आधी पाहा.

४. मर्यादेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम वापरू नका. सतत भरलेले कार्ड पतगुणांकाला मारक ठरते.

५. बिल भरता येणार नाही असे दिसताच बँकेला फोन करा. बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळते का ते विचारा. किंवा पतसंस्थेचे वा सोनेतारण कर्ज काढून कार्ड फेडा. व्याजदर निम्म्याहून कमी असेल, तर तसे करणे शहाणपणाचे.

६. नको असलेले कार्ड बंद करा. बाकी नसेल तर अर्जानंतर सात कामाच्या दिवसांत ते बंद करणे बँकेला बंधनकारक आहे. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

गाव आणि मुंबई, दोन्हीकडे असणाऱ्यांसाठी

माझ्या भावाने कार्ड वापरले त्यामागे एक कारण होते. किसान क्रेडिट कार्ड वडिलांच्या नावावर होते. वडील गेल्यावर सातबारावर वारस नोंद करायची राहिली आणि खात्याचे नूतनीकरण अडले. घोडपदेवमधून राजापूरला कागदांसाठी चार खेपा घालण्यापेक्षा खिशातले कार्ड सोपे वाटले. अशी अडलेली खाती मी अनेक घरांत पाहते. म्हणून हे काम पावसाळ्यातच उरका:

- सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन काढून पाहा. नावे बरोबर आहेत का, जुना बोजा राहिला आहे का, ते तपासा.
- वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे लगेच अर्ज द्या. फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो.
- सातबारावर अनेक नावे असतील तर सहहिस्सेदारांची संमती आधी घ्या. गणपतीत सगळे गावाला जमतात, सह्यांसाठी तोच मुहूर्त बरा.
- शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा.
- अर्ज बाग ज्या गावात आहे, तिथल्या शाखेत किंवा सेवा सोसायटीत करा. जनसमर्थ पोर्टलवरूनही अर्ज करता येतो.
- अर्जापूर्वी स्वतःचा पतअहवाल पाहा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो.

शेवटचा मुद्दा आम्ही अनुभवाने शिकलो. वारस नोंद झाल्यावर भावाने पीककर्जासाठी अर्ज केला, तेव्हा शाखेतल्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मार्चमध्ये चुकलेल्या क्रेडिट कार्डाच्या हप्त्याचा. मुंबईतल्या कार्डाचा गावच्या जमिनीशी काय संबंध, असे त्याला वाटले. पण बँकेच्या नोंदीत माणूस एकच असतो. त्याने कार्डाची बाकी पूर्ण भरल्याचा दाखला दिला, खुलासा लिहून दिला, तेव्हा कर्ज मंजूर झाले. त्यात दीड महिना गेला आणि जुलै-ऑगस्टचा खर्च त्या वर्षी घरातल्या बचतीतून करावा लागला.

आता भावाकडे दोन्ही कार्डे आहेत. खते आणि फवारण्या पीककर्जातून होतात. बँकेचे क्रेडिट कार्ड ६ मार्चनंतर पेट्या आणि टेंपोसाठी निघते आणि २५ एप्रिलला पूर्ण फिटते. आंब्याचे पैसे आले की आधी पीककर्ज भरायचे आणि मग बाकीचे, असा घरात नियम आहे.

यंदाच्या हंगामाआधी तुम्हीही एक कोरा कागद घ्या. डावीकडे खर्च, मध्ये खर्चाची तारीख, उजवीकडे पैसे परत येण्याची तारीख लिहा. दोन तारखांमधले अंतर ५० दिवसांपेक्षा जास्त आहे, अशा प्रत्येक ओळीवर फुली मारा. त्या ओळींसाठी क्रेडिट कार्ड खिशातून काढायचे नाही.